टेकू

आमच्या घरी कुकरचं झाकण लावण्याआधी किती वेळ घालवायचा, या प्रश्नावर गेल्या त्रेचाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं साधं आहे. झाकण ही लावण्याची वस्तू आहे; ती उचलावी आणि लावावी. आमच्या हिचं तसं नाही. ही आधी झाकण घेऊन खिडकीशी जाते. एक डोळा मिटून, शिट्टी बसते त्या भोकातून आकाशाचं दर्शन घेते. मग त्यात एक फुंकर मारते. मग रबराच्या रिंगवरून सावकाश बोट फिरवते. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हवर एक टिचकी, आणि मग कुठे ते झाकण कुकरवर चढतं. साडेदहाची शाळा, सव्वानऊ वाजलेले, माझ्या पोटात कावळे ओरडताहेत, आणि स्वयंपाकघरात खगोलशास्त्राचा अभ्यास चाललेला!

गणिताचा मास्तर असल्यामुळे मी एकदा हिशेबच मांडला. रोजचा दीड मिनिट धरला तरी वर्षाचे नऊ तास होतात. त्रेचाळीस वर्षांचे मिळून सोळा दिवस आणि सोळा रात्री ही बाई कुकरच्या भोकातून आकाश पाहते आहे. "आणि एवढं पाहून त्या भोकात कधी काही सापडलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग कशाला बघायचं?"

"तुम्हाला नाही कळायचं ते," ही म्हणाली आणि टिचकी मारली.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. एकदा ही माहेरच्या लग्नाला नागपूरला गेली होती आणि घरात मी एकटाच सत्ताधारी होतो. मी तुरीची डाळ घातली, झाकण उचललं आणि लावलं. दीड मिनिट वाचवला. तो वाचलेला वेळ सत्कारणी लावावा म्हणून पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो. शिट्टी काही होईना. मी मनात म्हटलं, आपण लावलेला कुकर किती शांतपणे काम करतो आहे! तेवढ्यात जो आवाज झाला, त्याने शेजारचे दोघे जण धावत आले. भोकात डाळ अडकली होती, वाफ कोंडली होती आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. वरण छतावर होतं. त्याचा डाग आजही आहे. आकाराने साधारण श्रीलंकेसारखा दिसतो.

सांगण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मला राग आला तो व्हॉल्व्हचा. ऐन जेवणाच्या वेळी याने घात केला असं वाटलं. दुकानात जाऊन मी तणतणत विचारलं, "हा उडणार नाही असा एखादा पक्का व्हॉल्व्ह नाही का मिळत?" दुकानदार माझाच विद्यार्थी. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, व्हॉल्व्ह उडाला म्हणून तुम्ही आज दुकानात उभे आहे. तो पक्का असता तर तुम्ही उडाले असते."

या प्रसंगानंतर माझं मत बदललं असेल असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. मत तेच राहिलं. फक्त ते मोठ्याने बोलणं बंद केलं.

हे सगळं आठवायला कारण झाला माझा भाचा. २०२३ च्या भाऊबीजेला माझी धाकटी बहीण पुण्याहून आमच्याकडे खाप्याला आली, आणि हा बरोबर आला. हा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे तो नक्की काय करतो हे त्याने मला तीन वेळा समजावून सांगितलं आहे आणि मला ते तिन्ही वेळा समजलं आहे. फक्त तिन्ही वेळा वेगवेगळं. खापा म्हणजे सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं आमचं गाव. गाव म्हटलेलं आमच्या नगरपरिषदेला खपत नाही, पण असो. वर हातमाग, आजूबाजूला संत्री आणि खाली मँगनीज, अशी आमची तीन मजली श्रीमंती. भाचा म्हणाला, "मामा, तुळशीच्या लग्नापर्यंत इथूनच काम करतो." एका पिशवीत मावतं ते हल्लीचं ऑफिस, त्याने ते आमच्या माजघरात मांडलं.

शनिवारी, १८ नोव्हेंबरला सकाळी पाहतो तर हा अंगणात फोन हातात धरून सुतकी चेहऱ्याने बसलेला.

"काय रे, कोण गेलं?"

"सॅम ऑल्टमन."

"अरेरे! वय काय होतं?"

"अडतीस."

"फारच लवकर. हार्ट का?"

"नाही हो मामा. कंपनीने काढून टाकलं."

मग त्याने सांगितलेल्या कथेचा गोषवारा असा. अमेरिकेत ओपनएआय नावाची संस्था २०१५ च्या डिसेंबरात निघाली. माणसासारखा विचार करणारं यंत्र बनवायचं, पण ते साऱ्या मानवजातीच्या भल्यासाठी, नफ्यासाठी नव्हे, असा तिचा संकल्प होता. पुढे लक्षात आलं की मानवजातीचं भलं करायला फार पैसा लागतो. म्हणून २०१९ मध्ये त्या धर्मादाय संस्थेच्या पोटात नफा कमावणारी एक शाखा निघाली. देवळाच्या ट्रस्टने खर्चासाठी खाली दुकानं काढावीत, त्यातला प्रकार. ३० नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी चॅटजीपीटी नावाचं दुकान उघडलं आणि एवढी गर्दी लोटली की वर देऊळ आहे हेच लोक विसरले. पण कागदोपत्री सत्ता ट्रस्टचीच. सहा जणांचं मंडळ, आणि वेळ पडली तर दुकानाला कुलूप लावण्याचा अधिकार त्यांचा. त्यातल्या चौघांनी मिळून पाचव्याला, म्हणजे मुख्याधिकारी ऑल्टमन यांना, शुक्रवारी काढून टाकलं. सहावे ग्रेग ब्रॉकमन. त्यांचं अध्यक्षपद काढून घेतलं, आणि त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

"का काढलं?" ही आतून विचारती झाली. हिचा कान नेहमी नेमक्या प्रश्नावर येतो.

"मंडळ म्हणतं, ते मंडळाशी सतत मोकळेपणाने बोलत नव्हते."

"म्हणजे काय केलं त्यांनी?"

"ते नाही सांगितलं."

"बाई गं!" ही म्हणाली. "इतक्या मोठ्या माणसाला घालवलं आणि का ते सांगितलं नाही? मग लोक कशाला विश्वास ठेवतील?"

दुसऱ्या दिवशी रविवार, १९ नोव्हेंबर. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना. त्या दिवशी खाप्यात मानवजातीच्या भवितव्याची चिंता करणारा एकच माणूस होता, आणि संध्याकाळनंतर तोही ट्रॅव्हिस हेडच्या चिंतेत पडला. ऑस्ट्रेलियाने आपल्याला सहा गडी राखून हरवलं, आणि आमच्या घरात एका भाच्यावर दोन सुतकं आली.

पुढचं नाट्य एखाद्या गावच्या गणपती मंडळात घडावं तसंच घडलं. शुक्रवारी मीरा मुराटी यांना हंगामी मुख्याधिकारी केलं. रविवारी त्यांना बाजूला करून एमेट शिअर यांना आणलं. सोमवारी कंपनीतल्या लोकांनी पत्र लिहिलं: मंडळाने राजीनामा द्यावा, ऑल्टमनना परत आणावं, नाहीतर आम्हीही मायक्रोसॉफ्टमध्ये निघालो. सुमारे ७७० माणसं, त्यातल्या सातशेहून जास्त जणांच्या सह्या. आणि सह्यांमध्ये एक सही इलिया सुत्स्केवर यांची, म्हणजे ज्या चौघांनी काढलं त्यांतल्याच एकाची! बुधवारी, २२ तारखेला, आपल्याकडे सकाळ होती तेव्हा बातमी आली की ऑल्टमन परत येताहेत आणि जुन्या मंडळातले बहुतेक जण जाताहेत. गुरुवारी कार्तिकी एकादशी होती. चार महिने झोपलेला देव त्या दिवशी उठतो. हे गृहस्थ देवाच्या एक दिवस आधीच पुन्हा खुर्चीत बसले.

भाचा खूश झाला. खरं सांगतो, मीही खूश झालो. चार अनोळखी माणसं उठतात आणि घोडदौड करणाऱ्याचा लगाम खेचतात, म्हणजे काय! मी त्या दिवशी जेवताना बराच बोललो. ही वाढता वाढता ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे व्हॉल्व्ह उडाला, तर यांनी व्हॉल्व्हच बदलला."

मी छताकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

पण मग ही स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या मंडळाचंही चुकलंच म्हणा. कुकर आधी शिट्ट्या देते. व्हॉल्व्ह शेवटी उडते. यांनी एकही शिट्टी दिली नाही आणि एकदम व्हॉल्व्ह! लोकांना वाटणारच, यांना वेड लागलं."

हिचं भांडण घोडदौडीशीही नव्हतं आणि लगामाशीही नव्हतं. ते न वाजलेल्या शिट्टीशी होतं. हा मुद्दा मी पुढे दोन-तीन ठिकाणी स्वतःचा म्हणून सांगितला.

संध्याकाळी मी भाच्याला समोरच्या ओट्यावर नेलं. तिथे आमचे मेटबाबा बसतात. वय ऐंशीच्या पुढे. खाप्याजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे आणि नागपूर-भंडारा-बालाघाटच्या पट्ट्यात तशा आणखी कितीतरी आहेत. त्यांतल्या एका खाणीत, कोणत्या ते सांगत नाही, बाबा मायनिंग मेट होते. मेट म्हणजे जमिनीखालच्या टोळीचा म्होरक्या. पाळी सुरू झाली की आधी मेट आत जाणार, लोखंडी सब्बल घेऊन वरचं छत ठोकून पाहणार, आणि तो 'या' म्हणाला की मग बाकीचे. छत पक्कं असेल तर टणटण वाजतं. आतून सुटलेलं असेल तर आवाज बद्द येतो. झालं एवढंच शास्त्र. पण त्या आवाजावर दहा-बारा संसार उभे असतात.

भाच्याने त्यांना यंत्राची सगळी गोष्ट सांगितली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मशिनीच्या आत काय चालते, ते बनवणाऱ्याले तरी मालूम आहे का?"

"पूर्ण नाही, आजोबा."

"मंग ते खाणच झाली ना बाप्पा."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आता दोन्ही बाजू सांग बाबांना." त्याने सांगितल्या, आणि पोरगा न्यायाने बोलला. घाई करणारे काही राक्षस नव्हेत. ते म्हणतात, आपण थांबलो तर दुसरा थोडाच थांबणार आहे? तो आपल्याहून बेफिकीर निघाला तर? शिवाय हे यंत्र रोग्याला, शाळकरी पोरांना उपयोगी पडणार असेल तर उशीर करणं हेसुद्धा नुकसानच. जपून जाणारे म्हणतात, जे आपल्याला कळलेलं नाही ते साऱ्या जगाच्या हाती देऊन मग कळून घ्यायचं, ही कुठली रीत? याच वादातून काही जण बाहेर पडले आणि २०२१ मध्ये त्यांनी अँथ्रॉपिक नावाची वेगळी कंपनी काढली. मंडळ फुटलं की दुसरं मंडळ, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. दुसरं मंडळ काढलं म्हणजे स्पर्धा कमी होत नाही, गणपती एकाचे दोन होतात, हेही नको.

बाबा म्हणाले, "आमच्या इथं बी असंच झालतं एक डाव."

दिवाळीच्या आधीचे दिवस. जितके टब भरतील तितका पैसा, म्हणून टोळी जोरात. एका सकाळी बाबांनी छत ठोकलं आणि आवाज बद्द आला. त्यांनी वाटेवर दोन बल्ल्या आडव्या टाकल्या आणि सांगितलं, टेकू लागल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. सुपरवायझर आला. काल तर इथंच काम केलं, म्हणाला. बाबा म्हणाले, काल टणटण वाजत होतं. सुपरवायझरचं एक सोडा. टोळीतले बारा जण, ज्यांच्या डोक्यावर ते छत होतं, तेच बाबांच्या विरुद्ध उभे राहिले. लेकरांचे कपडे घ्यायचे आहेत, रोज बुडवतो काय?

"तिथं सातशे होते, आमच्या इथं बारा," बाबा म्हणाले. "सही कोण नाई करणार? पोट सर्वायलेच आहे."

"मग तुम्ही काय केलं, आजोबा?"

"काय करतो? बल्लीपाशी बसून राहिलो."

लाकूड यायला अर्धी पाळी गेली. टेकू लागला. काम सुरू झालं. पुढे कितीतरी दिवस टोळीतली पोरं त्यांना 'बद्दबाबा' म्हणून चिडवत होती.

मी अगदी मास्तरी उत्सुकतेने विचारलं, "आणि मग बाबा, छत पडलं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वर्गातल्या ढ पोरांकडे मी ज्या नजरेने पाहत आलो, ती नजर त्या दिवशी मला पहिल्यांदा समोरून दिसली.

"टेकू लावला ना गुरुजी," ते म्हणाले. "टेकू लावल्यावर कायले पडीन?"

त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं मी हिला विचारत होतो, भोकात काही सापडलं का? आणि बाबांना विचारत होतो, छत पडलं का? प्रश्न एकच. सावध माणसाकडे आपण सावधपणाचा पुरावा मागतो, आणि तो पुरावा त्याच्याकडे कधीच नसतो. त्याचं ऐकलं तर काहीच घडत नाही. मग लोक म्हणतात, बघा, उगाच घाबरवलं! त्याचं ऐकलं नाही तर मात्र पुरावा मिळतो; भरपूर मिळतो. १२ जुलै १९६१ ला पुणेकरांना मिळाला. पानशेतचं धरण पुरं झालेलं नव्हतं आणि त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. आदल्या रात्री जवान पोत्यांवर पोती रचत होते. सकाळी पानशेत गेलं, मग खडकवासला गेलं आणि अर्धं पुणं पाण्याखाली आलं. त्यानंतर चौकशीचे आयोग बसले. टेकूसाठी वेळ नसतो. आयोगासाठी वेळ निघतोच.

अमेरिकेतही तेच. जानेवारी १९८६. चॅलेंजर हे अंतराळयान उडायच्या आदल्या रात्री त्याच्या रॉकेटचे इंजिनिअर सांगत होते, थंडी फार आहे, सांध्यातली रबराची रिंग कडक होईल, उद्या उडवू नका. कंपनीच्या साहेबांना आधी पटलंही. मग त्यांतल्या एका वरिष्ठाने दुसऱ्याला म्हटलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची टोपी घाल. त्याने घातली. सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात माणसं गेली. आपल्याकडे टोपी घालणे याचा अर्थ वेगळा आहे, पण भाषांतर करताना मला फारसा फरक जाणवला नाही. ही गोष्ट मी हिला सांगितली तेव्हा ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिंगवरून बोट फिरवायला पाहिजे होतं."

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी आज अगदी थांबा-थांबा पंथाला लागले. तसंही नाही. माझ्या नावावर एक जुनी नोंद आहे, ती सांगतो. शाळेचं वनभोजन नदीकाठी होतं. पोरं पाण्यात उतरू का म्हणाली. पाणी मला बरं दिसेना. वर कुठे तरी पाऊस झाला असावा असा रंग होता. पण मुख्याध्यापक खुशीत, पोरं खुशीत, बाकीचे मास्तर खुशीत. एवढ्या आनंदात आपणच का तोंड वाकडं करायचं, म्हणून मी गप्प बसलो. एक पोरगा ओढला गेला. खालच्या बाजूला एक जण मासे धरत होता, त्याने त्याला केसांना धरून बाहेर काढलं. पोरगा वाचला. आज त्याची संत्र्याची बाग आहे. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि पिशवीत चार संत्री टाकतो. त्याला वाटतं गुरुजींचा आपल्यावर जीव आहे. तो आहेच, पण दर वेळी तो दिसला की मी आधी त्याचे केस बघतो, हे त्याला माहीत नाही.

आणि त्यानंतर मी काय केलं? पुढची तीन वर्षं शाळेची प्रत्येक सहल रद्द करवली. रामटेक रद्द, अंभोरा रद्द. का, ते सांगितलं नाही. मला भीती वाटते, एवढं म्हणायचीसुद्धा लाज वाटली. तीन वर्गांच्या पोरांनी रामटेक पाहिलं नाही. त्यांचा जीव वाचला असं मी म्हणू शकत नाही. रामटेकला जाऊन कोण बुडतं? म्हणजे एकदा बोलायचं तेव्हा गप्प बसलो, आणि नंतर कारण न सांगता व्हॉल्व्ह उडवत राहिलो. ओपनएआयच्या मंडळाला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते ती यामुळे.

हे मी मेटबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, मी शंभर डाव छत ठोकलं असन, तर नव्याण्णव डाव 'या रे' म्हणलं. रोजच बद्द म्हणलं असतं तर मलेच काढून टाकलं असतं. आणि बरोबरच केलं असतं." थांबा म्हणणाऱ्याची पत त्याच्या 'चला' म्हणण्यात असते, हे मला मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे खाणीचा मॅनेजर एक असे आणि त्याच्यावर नजर ठेवणारा निरीक्षक दुसरा असे. हा सरकारचा माणूस. त्याच्या खात्याचं मुख्य कार्यालय धनबादला, आणि ते खातं १९०२ पासूनचं. धोका दिसला तर काम बंद करवण्याचा अधिकार त्याला होता, आणि त्याचा पगार मालकाच्या खिशातून येत नव्हता. "सायब येनार म्हनलं का चुना लागे," बाबा हसून म्हणाले. ते मला माहीत होतं. शाळातपासणीच्या आदल्या दिवशी आम्हीही पोरांकडून नकाशे पुसून घेत होतो. पण निदान एक दिवस तरी नकाशे पुसले जात, हेही खरं. यंत्रवाल्यांनी निरीक्षक आपल्याच घरात ठेवला होता. आणि घरचं भांडण झालं की घर कोणाच्या बाजूने उभं राहतं, ते पाच दिवसांत दिसलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि भाचा निघाला. निघताना मी विचारलं, "काय रे, तुमच्या कंपनीत छत ठोकून पाहणारा कोण आहे?"

तो जरा विचारात पडला. "आहे एक जण. पण तो आला की सगळे फोनवर बोलायला लागतात. मीही."

"त्याला चहा पाज," मी म्हटलं.

पुढे त्याचे फोन येत राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये त्याने सांगितलं, कंपनीने वकिलांकडून चौकशी करवली. त्यात निघालं की ती हकालपट्टी यंत्राच्या धोक्याच्या काळजीतून झाली नव्हती, दोन्ही बाजूंचा एकमेकांवरचा विश्वास उडाला होता. मी म्हटलं, विश्वास उडाला की ठोकून पाहणाऱ्याचं कोण ऐकणार, म्हणजे गोष्ट फिरून तिथेच आली. मग मे महिन्यात फोन आला. कंपनीने २०२३ च्या जुलैत मोठ्या यंत्रांना ताब्यात कसं ठेवायचं हे शोधायला एक खास पथक नेमलं होतं आणि आपल्या संगणकशक्तीचा पाचवा हिस्सा त्याला देऊ, असं जाहीर केलं होतं. त्या पथकाचे दोन्ही प्रमुख, सुत्स्केवर आणि यान लाइके, कंपनी सोडून गेले. लाइके यांनी उघड लिहिलं की चकचकीत मालापुढे सुरक्षितता मागच्या बाकावर गेली, आणि कामाला लागणारी संगणकशक्ती मिळवण्यासाठी झगडावं लागलं. मी हे मेटबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टेकूचं लाकूड द्याले सर्वायच्याच जिवावर येते, गुरुजी. लाकूड कायी टबात भरून विकता येत नाई."

फोन ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "मामा, त्या माणसाला चहा पाजला बरं का."

"मग? काय म्हणाला?"

"दोन तास बोलत होता. माझ्याच कामात तीन चुका दाखवल्या. चहाचे पैसे मलाच द्यावे लागले."

परवा सकाळी ही देवळात गेली होती आणि कुकर लावायचं माझ्याकडे आलं. मी डाळ घातली, पाणी घातलं, झाकण उचललं. उचललेलं झाकण कुकरवर जाईना. इकडे तिकडे कोणी नाही असं पाहून मी ते खिडकीशी नेलं आणि एक डोळा मिटला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही," मी म्हटलं.

आणि खरंच काही नव्हतं. भोक मोकळं होतं, त्यातून खाप्याचं निळं आकाश दिसत होतं. मी फुंकर मारली, रिंगवरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं.

"टिचकी राहिली," ही म्हणाली.